सायलेशिया: सात आठवड्यांत घेतला, टिकवायला बावीस वर्षं लागली

शाळेत ‘सप्तवार्षिक युद्ध’ हे नाव भेटतं ते इंग्रज-फ्रेंचांच्या कर्नाटकातल्या लढायांच्या धड्यात. युरोपात युद्ध पेटलं आणि त्याची झळ इथेही लागली, असं एक वाक्य असतं. ते पाठ करून आपण वांदिवाशच्या लढाईकडे वळतो. युरोपात नेमकं काय पेटलं होतं, हे विचारायचं राहूनच जातं. त्याचं एक उत्तर अमेरिकेत आहे. तिथल्या नद्या आणि जंगलांवरून इंग्रज-फ्रेंच भिडले होते. दुसरं उत्तर आजच्या पोलंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे. त्या मुलखाचं नाव सायलेशिया. त्याच्यासाठी प्रशिया आणि ऑस्ट्रिया १७४० ते १७६३ या काळात तीनदा लढले.

नावांचा गोंधळ आधीच सोडवून टाकू. पहिलं सायलेशियन युद्ध १७४० ते १७४२, दुसरं १७४४-४५. ही दोन्ही ‘ऑस्ट्रियन वारसायुद्ध’ नावाच्या मोठ्या युद्धाच्या पोटात येतात. तिसरं १७५६ ते १७६३, म्हणजे आपल्या धड्यातलं सप्तवार्षिक युद्ध, पण त्याचा मध्य युरोपातला भाग. पुस्तकांत ही नावं एकमेकांत मिसळतात आणि वाचणारा वैतागतो. ‘सायलेशिया कोणाचा’ हा एक धागा धरून ठेवला की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

मुलूख कसा होता

ओडर नदी सायलेशियाच्या मधून वाहते. दोन्ही काठांना सपाट, सुपीक जमीन, दक्षिणेला सुडेटन डोंगरांची रांग आणि डोंगरांपलीकडे बोहेमिया, म्हणजे आजचा चेक प्रदेश. डोंगरपायथ्याच्या खेड्यांत घरोघरी जवसाच्या धाग्याचं कापड विणलं जायचं, ज्याला आपण लिनन म्हणतो. ते हॅम्बुर्ग बंदरातून इंग्लंड-स्पेनला आणि तिथून थेट अमेरिकेच्या वसाहतींपर्यंत जात असे. लोकसंख्या दहा लाखांच्या वर. व्हिएन्नाच्या हॅब्सबर्ग घराण्याला, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राज्यकर्त्यांना, आपल्या ऑस्ट्रियन आणि बोहेमियन मुलखांतून जो थेट कर मिळायचा, त्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या सायलेशियाचा होता. दुभती गायच म्हणा ना.

आता शेजारी पाहा. उत्तरेला ब्रांडेनबुर्ग, प्रशियाच्या राजाचं मूळ वतन. तिथली जमीन इतकी रेताड की जर्मन लोक त्या भागाला साम्राज्याची वाळूची पेटी म्हणायचे. ओडर नदी सायलेशियातून निघून याच ब्रांडेनबुर्गमधून समुद्राकडे जाते. वरच्या अंगाला भरलेलं शेत, खालच्या अंगाला वाळू आणि मधून एकच ओढा. गावाकडे बांधावरची भांडणं पाहिलेल्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही.

शिवाय धर्माची एक जखम होतीच. सायलेशियातले बरेच लोक, विशेषतः उत्तरेकडच्या भागातले, प्रोटेस्टंट होते आणि राज्य कॅथलिक हॅब्सबर्गांचं. १६४८ च्या तहानंतर प्रोटेस्टंटांना तीन चर्च बांधायची परवानगी मिळाली, पण अटी ऐकण्यासारख्या आहेत: गावकुसाबाहेर बांधायचं, मनोरा नको, घंटा नको, दगड-विटा वापरायच्या नाहीत, आणि काम वर्षभरात उरकायचं. लोकांनी लाकूड, माती आणि गवताचा पेंढा वापरून अशी चर्च उभी केली की त्यातली दोन आजही धडधाकट आहेत. श्विड्नित्सच्या चर्चमध्ये तर सुमारे साडेसात हजार माणसं मावतात. आत गेलं की लाकडी सज्ज्यांचे मजले एकावर एक चढत जातात, जणू एखादं जुनं नाट्यगृहच. ही माणसं व्हिएन्नासाठी जीव टाकतील अशी अपेक्षा करणं कठीण होतं.

दोन मरणं, दोन वारस

१७४० च्या मे महिन्यात प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम वारला. हा माणूस कमालीचा कंजूष आणि सैन्याचा नादी. जेमतेम बावीस-पंचवीस लाख लोकसंख्येच्या राज्यात त्याने ऐंशी हजारांचं सैन्य उभं केलं होतं आणि खजिन्यात सुमारे ऐंशी लाख थालर (तिथलं चांदीचं नाणं) रोख ठेवले होते. गंमत म्हणजे एवढं जमवूनही त्याने ते फारसं वापरलं नाही. गादीवर आला त्याचा मुलगा दुसरा फ्रेडरिक, वय २८. बासरी वाजवणारा, फ्रेंचमध्ये कविता करणारा, व्हॉल्टेअरशी पत्रव्यवहार असणारा. राजांनी कपट करू नये, असं प्रतिपादन करणारं त्याचं पुस्तक त्याच वर्षी छापून आलं.

ऑक्टोबरच्या २० तारखेला व्हिएन्नात सम्राट सहावा चार्ल्स गेला. अळंब्यांचा पदार्थ बाधला असं म्हणतात. त्याला मुलगा नव्हता. मुलीला वारसा मिळावा म्हणून त्याने १७१३ मध्ये एक फर्मान काढलं होतं आणि उरलेलं आयुष्य युरोपातल्या दरबारांकडून त्यावर संमती गोळा करण्यात घालवलं. प्रशियानेही संमती दिली होती. ही मुलगी म्हणजे मारिया थेरेसा. वय २३, पोटात मूल, तिजोरी रिकामी, सैन्य तुर्कांकडून नुकतंच मार खाऊन आलेलं, आणि भोवती वडिलांचे म्हातारे मंत्री.

१६ डिसेंबर १७४० ला फ्रेडरिकचं सैन्य सीमा ओलांडून सायलेशियात शिरलं. युद्ध जाहीर केलं नव्हतं.

हक्क काय सांगितला? १५३७ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या राजघराण्याने सायलेशियातल्या लीग्नित्सच्या ड्यूकशी करार केला होता की तुमचा वंश संपला तर तुमचा मुलूख आमचा. पण हॅब्सबर्गांनी तो करार काही वर्षांतच रद्द ठरवला होता. वंश संपला १६७५ मध्ये, आणि मुलूख हॅब्सबर्गांनी ताब्यात घेतला. याशिवाय जेगर्नडॉर्फ नावाच्या छोट्या जहागिरीवरही दावा होता. ती या घराण्याच्या एका शाखेकडे होती आणि १६२० च्या दशकात जप्त झाली. थोडक्यात, खापरपणजोबांच्या काळातला, दुसऱ्या पक्षाने फाडून टाकलेला कागद. फ्रेडरिकला त्याची किंमत माहीत होती. कायद्याची बाजू शोधा, हे त्याने मंत्र्यांना सांगितलं तेव्हा फौजेच्या कूचाची तयारी सुरू झालेली होती. आपल्याला नाव कमवायचं होतं, हेही त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. अशा बाबतीत इतका स्पष्टवक्ता राजा विरळाच.

जानेवारी १७४१ संपेपर्यंत, दोन-तीन किल्ले सोडले तर अख्खा सायलेशिया त्याच्या हातात होता. राजधानी ब्रेस्लाऊने तर तटस्थ राहण्याच्या बोलीवर त्याला दार उघडून दिलं.

राजा पळाला, लढाई जिंकली

खरी परीक्षा १० एप्रिल १७४१ ला मोलविट्स गावाजवळ झाली. जमिनीवर बर्फ होता. ऑस्ट्रियाच्या घोडदळाने प्रशियाचं घोडदळ उधळून लावलं आणि सेनापती श्वेरीनने तरुण राजाला सांगितलं, महाराज, तुम्ही निघा. फ्रेडरिक घोडा दामटत कोसच्या कोस निघून गेला. एका शहराच्या वेशीशी पोचला तर तिथेही शत्रूचेच लोक, परत फिरला. इकडे त्याचं पायदळ जागचं हललं नव्हतं. आपण जिंकलो, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

पायदळ का टिकलं, हे समजण्यासाठी ठासणीची बंदूक डोळ्यांसमोर आणा. कागदाची पुडी दातांनी फाडायची, थोडी दारू कानाजवळच्या पेल्यात, बाकीची नळीत, वर गोळी, मग गजाने ठासायचं, गज परत जागेवर, बंदूक खांद्याला, बार. लढाईच्या घाईत लाकडी गज हमखास मोडायचे. प्रशियाने बऱ्याच आधी लोखंडी गज आणले होते आणि वर्षानुवर्षं शिपायांकडून हीच हालचाल रोज घोकून घेतली होती. समोरचा एक बार काढेपर्यंत यांचे दोन निघत. कवायतीचा हा कंटाळवाणा रियाज सम्राटाच्या फर्मानाला भारी पडला.

मोलविट्सचा निकाल पाहून बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. फ्रान्स, बव्हेरिया, सॅक्सनी, स्पेन सगळे ऑस्ट्रियाचे लचके तोडायला धावले. मारिया थेरेसा हंगेरीच्या सरदारांसमोर गेली आणि मदत मागितली. तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन ती सभेत उभी राहिली, हे चित्र प्रसिद्ध आहे. खरं तर बाळाला काही दिवसांनी आणलं गेलं. पण सरदारांनी ‘आमचे प्राण, आमचं रक्त’ म्हणत तिला साथ दिली, हे मात्र खरं. चारही बाजूंनी शत्रू असताना एकाला गप्प करणं भाग होतं. १७४२ मध्ये तिने फ्रेडरिकशी तह केला आणि दक्षिणेची एक पट्टी सोडून जवळपास सगळा सायलेशिया आणि ग्लात्सचा परगणा त्याला दिला.

दुसरं युद्ध थोडक्यात आटोपू. ऑस्ट्रिया सावरतेय हे पाहून फ्रेडरिकने १७४४ मध्ये स्वतःच पुन्हा वार केला, प्राग घेतलं, रसद तुटल्यामुळे सोडलंही, आणि १७४५ च्या जूनमध्ये होहेनफ्रीडबेर्गला मोठा विजय मिळवला. ख्रिसमसच्या दिवशी ड्रेस्डेनला तह झाला. सायलेशिया प्रशियाकडेच राहिला.

व्हिएन्नाचा गृहपाठ

पुढच्या अकरा वर्षांत प्रशिया-ऑस्ट्रियात लढाई झाली नाही, पण मला या कहाणीतला सर्वांत रंजक काळ हाच वाटतो. हरलेली बाई स्वस्थ बसली नाही. हाउग्विट्स नावाच्या, मूळच्या सायलेशियातल्याच अधिकाऱ्याच्या हातून तिने कर गोळा करण्याची पद्धत बदलली आणि सरदारांनाही कराच्या कक्षेत आणलं. तोफखाना नव्याने घडवला, अधिकाऱ्यांसाठी लष्करी शाळा काढली. शत्रूकडे आहे ते आपल्याकडे का नाही, याचा तिने रीतसर अभ्यास केला.

आणि मग सोयरीक बदलली. हॅब्सबर्ग आणि फ्रान्स यांचं वैर अडीचशे वर्षांचं. पण तिचा मंत्री काउनिट्स म्हणाला, आपला खरा शत्रू आता पॅरिसमध्ये नाही, बर्लिनमध्ये आहे. फ्रेडरिकने १७५६ च्या जानेवारीत इंग्लंडशी करार केला, फ्रान्स दुखावला, आणि मे महिन्यात फ्रान्स-ऑस्ट्रिया चक्क मित्र झाले. रशियाची महाराणी एलिझाबेथ तर फ्रेडरिकवर आधीच खार खाऊन होती. आपल्याभोवती फास आवळतोय हे ओळखून फ्रेडरिकने २९ ऑगस्ट १७५६ ला आधीच सॅक्सनीवर झडप घातली. ती नसती घातली तर युद्ध टळलं असतं का, यावर अजून वाद आहे. मला वाटतं, टळलं नसतं. फार तर वर्षभर लांबलं असतं.

लॉयथेनची दुपार

१७५७ मध्ये बोहेमियातल्या कोलीनला फ्रेडरिक सपाटून हरला. नोव्हेंबरात रोसबाखला फ्रेंचांना त्याने दीड तासात पळवलं, पण त्याच महिन्यात इकडे ऑस्ट्रियाने ब्रेस्लाऊ परत घेतलं. सायलेशिया गेल्यात जमा होता. ५ डिसेंबरला ब्रेस्लाऊच्या पश्चिमेला लॉयथेन गावाजवळ दोन्ही सैन्यं समोरासमोर आली. ऑस्ट्रियाचे साठ हजारांवर, त्याचे पस्तीस हजारांच्या आत.

ऑस्ट्रियाची फळी उत्तर-दक्षिण सात-आठ किलोमीटर पसरली होती. फ्रेडरिकने उत्तरेच्या टोकाशी हूल दिली. तिथल्या सेनापतीने घाबरून कुमक मागितली, राखीव फौज तिकडे धावली. तेवढ्यात प्रशियाचं मुख्य सैन्य उजवीकडे वळलं आणि टेकड्यांच्या एका ठेंगण्या रांगेआड दिसेनासं झालं. समोरच्यांना वाटलं, गेले वाटतं. फ्रेडरिकला मात्र ती टेकडी न् टेकडी ठाऊक होती, कारण शांततेच्या काळात त्याच्या सैन्याचे सराव याच माळावर चालत. दुपारी एकच्या सुमाराला ते सैन्य ऑस्ट्रियाच्या दक्षिण टोकाशी, तिरक्या रचनेत, एकामागून एक तुकडी असं उगवलं आणि फळी कडेपासून गुंडाळत निघालं.

सर्वांत कडवी झुंज गावातल्या चर्चच्या आवाराच्या दगडी भिंतीशी झाली. संध्याकाळी चारला अंधार पडला तोवर निकाल लागला होता. ऑस्ट्रियाचे बावीस हजार गेले, त्यात बारा हजार कैदी. प्रशियाचे सहा हजारांवर. रात्री बर्फावरून चालताना एका शिपायाने देवाचे आभार मानणारं भजन सुरू केलं आणि हळूहळू सगळं सैन्य त्यात सामील झालं, अशी कथा आहे. पुढे जर्मन देशभक्तीने तिला इतकं रंगवलं की मूळ प्रसंग केवढा होता हे आता सांगता येणार नाही.

पैसा, आणि एक मरण

लढाया जिंकूनही फ्रेडरिक हळूहळू बुडत होता. १२ ऑगस्ट १७५९ ला कुनर्सडॉर्फला रशिया-ऑस्ट्रियाच्या संयुक्त फौजेने त्याचं सैन्य मोडून काढलं. पन्नास हजारांतले एकोणीस हजार गेले. त्याच्यावर झाडलेली एक गोळी खिशातल्या तपकिरीच्या डबीला लागून थांबली म्हणतात. त्या रात्री त्याने मंत्र्याला निरोपाचं पत्र लिहिलं: सगळं संपलं, देशाच्या नाशानंतर मला जगायचं नाही. पण शत्रू बर्लिनकडे आलेच नाहीत. दोन्ही सेनापती एकमेकांची वाट बघत बसले. त्याने याला ‘ब्रांडेनबुर्ग घराण्याचा चमत्कार’ म्हटलं. हे शब्द पुढे लोकांनी १७६२ मधल्या रशियाच्या महाराणीच्या मृत्यूला चिकटवले, पण मूळचे ते १७५९ चे आहेत.

एवढं युद्ध चाललं कशावर? इंग्लंड १७५८ पासून वर्षाला ६ लाख ७० हजार पौंड देत होतं. व्यापलेल्या सॅक्सनीला पिळून काढलं जात होतं. आणि तिसरा मार्ग म्हणजे नाण्यांत भेसळ. हाती लागलेल्या सॅक्सन टांकसाळीतून जुन्याच शिक्क्यांची, पण कमी चांदीची नाणी पाडली गेली. लोक म्हणू लागले, बाहेरून फ्रेडरिक, आतून एफ्राइम. एफ्राइम हा टांकसाळीचा ठेकेदार. फायदा राजाचा, बदनामी ठेकेदाराची. तो ज्यू होता, त्यामुळे शिव्या घालणं लोकांना आणखी सोपं गेलं.

५ जानेवारी १७६२ ला रशियाची एलिझाबेथ वारली. तिचा वारस तिसरा पीटर फ्रेडरिकचा निस्सीम भक्त. त्याने जिंकलेला मुलूख परत केला, तह केला, वर मदतीला फौजही दिली. सहा महिन्यांत त्याची बायको कॅथरिनने त्याला गादीवरून उतरवलं, पण तिनेही युद्ध पुन्हा उकरून काढलं नाही. एकट्या ऑस्ट्रियाच्या अंगात आता त्राण नव्हतं.

इकडे काय चाललं होतं

या भांडणाचे धागे आपल्याकडे कसे पोचले, ते ओझरतं पाहू. वारसायुद्धात फ्रेंचांनी १७४६ मध्ये मद्रास घेतलं होतं. १७४८ च्या तहात ते इंग्रजांना परत मिळालं, ते कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या लुईबुर्ग किल्ल्याच्या बदल्यात. मद्रासच्या बाजारातल्या कोणाला तो किल्ला कुठे आहे हे ठाऊक असेल असं वाटत नाही.

आणि मराठ्यांच्या बाबतीत: १७५८ मध्ये भारतातला फ्रेंच सरसेनापती लाली याने फ्रेंच सेनानी बुसीला हैदराबादहून इंग्रजांविरुद्ध लढायला बोलावून घेतलं. निजामाचा मोठा आधार गेला. १७६० च्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला नमवलं तेव्हा भाऊंच्या तोफखान्यावर होता इब्राहिमखान गारदी, बुसीच्या तालमीत तयार झालेला. पुढे पानिपतावर त्याच्याच पलटणी शेवटपर्यंत लढल्या. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. दोनच दिवसांत पाँडिचेरी इंग्रजांच्या हातात गेली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध जोडायचा मोह टाळलेला बरा. पण तो आठवडा लक्षात राहतो.

कागदावर काय उरलं

१५ फेब्रुवारी १७६३ ला सॅक्सनीतल्या हुबर्टुसबुर्गच्या शिकारमहालात तह झाला. सात वर्षांच्या लढाईनंतर सीमा जिथे होत्या तिथेच राहिल्या, एक गाव इकडचं तिकडे झालं नाही. प्रशियाचे एक लाख ऐंशी हजार सैनिक कामी आले, हा खुद्द फ्रेडरिकचा हिशेब. सायलेशिया मात्र कायमचा प्रशियाचा झाला, आणि तो पचवून प्रशिया युरोपातल्या बड्या सत्तांच्या पंगतीला बसला.

तो मुलूख पुढे १९४५ पर्यंत बहुतांशी जर्मनीकडे राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो पोलंडला मिळाला, जर्मन रहिवाशांना हाकलण्यात आलं आणि गावांची नावं बदलली. ब्रेस्लाऊचं व्रोत्सवाफ झालं, लॉयथेनचं लुतिन्या, मोलविट्सचं मावुयोवित्से. श्विड्नित्सचं ते मातीचं चर्च आज श्विद्नित्सामध्ये आहे.

आणि १७४२ मध्ये ऑस्ट्रियाकडे राहिलेली दक्षिणेची ती पट्टी? ती मुख्यतः आज चेक देशात आहे, आणि पोलंड-चेक सीमेचा काही भाग अजून त्याच तहातल्या रेषेवरून जातो. त्या रेषेच्या दक्षिणेला, ओपावा नदीकाठी, क्रनॉव्ह नावाचं एक लहानसं शहर आहे. त्याचं जुनं जर्मन नाव जेगर्नडॉर्फ. ज्याच्यावर हक्क सांगत फ्रेडरिक सायलेशियात शिरला, ते गाव काही त्याला कधी मिळालं नाही.